हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की बाबांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी हा प्रसंग त्यांना दर वर्षी नव्याने लागतो. यंदा तर अंगठाच उमटेना. वयाने बोटांवरच्या रेषा झिजल्यात. काउंटरवरच्या मुलीने बोट पुसायला लावलं, मग दुसरं बोट, मग तिसरं, आणि शेवटी म्हणाली, "काका, मशीन नाही म्हणतंय."

"अगं, पण मी हो म्हणतोय ना!" बाबा म्हणाले.

मी शेजारी उभा राहून हसलो, ते वेगळ्याच कारणाने. हाच दाखला मागणाऱ्या एका प्राण्याबरोबर माझं रोजचं बसणं-उठणं आहे. त्याचं नाव कंपायलर. मी ग्राफिक्स कार्डावर चालणारे प्रोग्राम लिहितो. त्यांना कर्नेल म्हणतात. घरी सगळ्यांना ते लष्करातलं काहीतरी वाटतं आणि मीही तो गैरसमज मोडत नाही. तर हा कंपायलर माझ्या प्रत्येक ओळीला विचारतो, तुझ्या उत्तराची कुणी वाट बघतंय का? नसेल तर ओळ मृत, काढून टाका. एलएलव्हीएम नावाच्या कंपायलरात याच्या दोन तऱ्हा आहेत. साधी तऱ्हा ओळीला जिवंत धरते आणि मेल्याची खात्री पटली की उचलते. दुसरीच्या नावातच 'आक्रमक' आहे. ती आधी सगळ्यांना मृत धरते आणि ज्यांची हयात सिद्ध होईल तेवढ्यांनाच ठेवते. पेन्शन देणारे दुसऱ्या तऱ्हेचे.

नवा होतो तेव्हा मी या आक्रमकतेचा प्रसाद खाल्लाय. कोट्यवधी आकड्यांचे गुणाकार-बेरजा करायला कार्डाला किती वेळ लागतो, एवढंच मोजायचं होतं. मोजलं, तर काही मायक्रोसेकंद! पुन्हा मोजलं, तेवढेच. मी सगळ्या रांगेला चहा पाजला. संध्याकाळी लीड मॅडम आल्या, कोड वरपासून खालपर्यंत वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "उत्तर कुठे लिहितोस?" मी ते कुठेच लिहीत नव्हतो. मला वेळ हवा होता, उत्तर घेऊन काय करू? कंपायलरनेही हाच विचार केला, फक्त शेवटपर्यंत नेला. उत्तर कुणाला नको, तर गणित कशाला? त्याने सगळं गणित उचलून फेकलं होतं. मी मोजला होता तो रिकामा प्रोग्राम कार्डापर्यंत पोचवायचा वेळ.

यावर या धंद्यात एक तोडगा सर्रास चालतो. शेवटी एक ओळ टाकायची, की उत्तर बरोब्बर वजा १२,३४५ आलं तर लिहून ठेव. ते कधी येत नाही. पण येणार नाही हे कंपायलरला सिद्ध करता येत नाही, म्हणून तो निमूटपणे सगळं गणित ठेवतो. खोटा दाखला म्हणायचा, दुसरं काय.

एवढी छाटाछाट कशासाठी, हे पंगतीत बसल्याशिवाय कळायचं नाही. कार्डावर थ्रेड, म्हणजे एकाच कर्नेलच्या एकदम चालणाऱ्या प्रती, एकेकटे चालत नाहीत. ३२-३२ जणांच्या पंगती बसतात. एनव्हिडियावाले त्यांना वॉर्प म्हणतात. सगळ्यांच्या पानात एका वेळी एकच पदार्थ पडतो. चौघांना वेगळं काही हवं झालं, की उरलेले २८ जण हात आवरून बसतात. जागाही मोजकी. ए१०० कार्डाच्या एकेका विभागात ६५,५३६ रजिस्टर, म्हणजे आकडे हाताशी ठेवायच्या जागा, आणि जास्तीत जास्त २,०४८ थ्रेड. प्रत्येकाने ३२ रजिस्टरांत भागवलं तर सगळे मावतात. प्रत्येकाला ६४ लागली की निम्मे ओसरीवर. मेमरीतून माल यायला शेकडो क्लॉक लागतात, तेवढ्यात दुसरी पंगत उरकून घ्यायची, अशी ही सगळी मांडणी. बसायला दुसरी पंगतच नसेल तर वाढपी नुसते उभे.

आणि खरी गंमत पुढे आहे. पान केवढं मांडायचं ते आधीच ठरतं, आणि ठरतं ते सगळ्यांत जड वाटेवरून. मग त्या वाटेने कुणी जावो न जावो.

आमच्या एका कर्नेलमध्ये अशी वाट होती. 'मोड ३ असेल तर' अशी सुरुवात आणि खाली दोनेकशे ओळी. मोड ३ कित्येक वर्षांत कुणी पाठवला नव्हता. पण मोड येणार प्रोग्राम चालताना, त्यामुळे कंपायलरला तो मेला म्हणता येईना. प्रत्येक थ्रेड, दर वेळी, कधीच न येणाऱ्या पाहुण्याच्या वाटणीची जागा धरून बसत होता. वर शेरा: 'विचारल्याशिवाय काढू नये.' कोणाला विचारायचं ते लिहिलं नव्हतं, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. खोदल्यावर कळलं, की ही सोय केपलर पिढीच्या कार्डांसाठी होती. आमचा कंपायलर ज्यातून येतो, त्या एनव्हिडियाच्या कूडा संचाच्या २०२२ च्या शेवटी आलेल्या १२ व्या आवृत्तीने त्या पिढीचं नावच टाकलं. म्हणजे ज्यांच्यासाठी जागा धरली, त्यांच्यासाठी आमचा कंपायलर प्रोग्राम बनवूनही देत नव्हता!

तरी काढताना माझा हात अडखळला, हे कबूल करतो. गिटमध्ये जुनी प्रत जशीच्या तशी राहते, हवी तेव्हा परत आणता येते, हे मी नव्या मुलांना शिकवतो. आणि स्वतः आधी त्या ओळी नुसत्या कॉमेंट केल्या, दोन दिवस थांबलो, तिसऱ्या दिवशी पुसल्या. कंपायलरच्या अहवालात रजिस्टर ७२ वरून ४० वर आली. कुणाचाही फोन आला नाही.

बँकेतल्या मुलीने मग बाबांपुढे फोन धरला. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. "काका, पापणी लववा." बाबांनी इतक्या जोरात डोळे मिटले की दुसऱ्यांदा करावं लागलं. पण झालं.

तुमच्या घरी कुणाचा दाखला राहिला असेल तर ३० नोव्हेंबरच्या आत उरकून घ्या. अंगठा उमटला नाही तर चेहरा चालतो.