पूर्ण तिकिटाचा माणूस

घराचा कर्ता पुरुष कोण, हे सांगणारे कागद एकेक करून संपत चालले आहेत. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ बाईचं नाव असावं, असं २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरवून टाकलं. विजेचं बिल अजून वडिलांच्या नावावर येतं, आणि ते वारले त्याला बराच काळ लोटला. माझं कर्तेपण सिद्ध करणारा एकच कागद उरला आहे आणि तो मला दर मे महिन्यात मिळतो. एसटीचं पूर्ण तिकीट.

पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून समस्त महिलांना भाड्यात निम्मी सवलत मिळाली. आता आमचं घर पाहा. आईला शहात्तरावं सरलं, तिचं तिकीट शून्य रुपयांचं. सौ. महिला, म्हणून अर्धं. कन्या नववीत, पण महिलाच, म्हणून अर्धं. चिरंजीव जूनमध्ये बारा पूर्ण करणार, त्यामुळे काय हिंडायचं ते मेअखेरपर्यंत हिंडून घ्या, असा घरात ठरावच झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीने भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढवलं तेव्हा ही वाढ अंगावर अख्खीच्या अख्खी झेलणारा घरात मी एकटा निघालो.

सवलतींची यादी मी बारकाईने वाचली आहे. अर्जुन पुरस्कार मिळालेल्यांना सवलत आहे. माझा खेळाशी संबंध रिमोटपुरता. अधिस्वीकृतीधारक पत्रकारांना आहे. सदर लिहिणाऱ्याला कोणी अधिस्वीकृती देत नाही, फार तर खपवून घेतात. आषाढीला मुख्यमंत्र्यांबरोबर विठ्ठलाच्या महापूजेला उभ्या राहणाऱ्या मानाच्या वारकरी जोडप्याला वर्षभराचा मोफत पास मिळतो. पण ते जोडपं दर्शनाच्या रांगेतून निवडतात, आणि रांगेत उभं राहण्याचं खातं आमच्याकडे सौ.कडे आहे.

असा चहूबाजूंनी सवलत नाकारलेला माणूस सुट्टीत कुटुंबासाठी किती राबतो, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून हा प्रपंच.

परीक्षा संपल्या की पहिलं संकट शिबिरांचं. पोहण्याच्या शिबिरात सकाळी सहाची बॅच मिळाली. मुलांना उठवणं, टोप्या-टॉवेल शोधणं, स्कूटरवर नेणं-आणणं ही किरकोळ कामं सौ. बघते. फी भरणं माझ्याकडे. ती मी मोबाइलवरून, अंथरुणातून उठायच्या आत, चुकती केली. काम वेळेवर करायची सवय लागते ती अशी.

मग वाळवणं. कुरडया विकत मिळतात हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी गहू भिजतो. तीन दिवस पाणी बदलत भिजवायचा, वाटायचा, चीक गाळून घ्यायचा आणि पहाटे, ऊन चढायच्या आत, शिजवायचा. चीक शिजताना पातेल्यात लाकडी हाटा फिरवणारा हात थांबला की गुठळी झालीच, म्हणून सौ. आणि आई आळीपाळीने ढवळत असतात. चीक पारदर्शक झाला की तो गरमागरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर, ओल्या प्लॅस्टिकवर, दाबून वेटोळी घालायची. सोऱ्या दाबताना सौ.चे तळवे लाल होतात. मग सगळ्यात जोखमीचं काम सुरू होतं आणि ते माझं असतं: कावळे राखणं. काळी छत्री उघडून, खुर्ची टाकून, पेपर घेऊन मी जागेवर बसतो. पहिली कुरडई कावळ्याने नेली तेव्हा पेपर माझ्या तोंडावर होता, अशी कन्येची साक्ष आहे. ऊन डोळ्यांवर येत होतं, त्याला मी काय करणार?

अक्षय्य तृतीयेला आमरस झालाच पाहिजे, आणि आंब्याची पारख घरात मला एकट्याला आहे. मी मार्केट यार्डात जाऊन, देठाशी नाक लावलावून, पेटी आणली. पेटीवर ‘देवगड’ छापलेलं होतं; पेंढा उपसला तर तळाला कानडी वर्तमानपत्र. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुठ्ठ्यावर छपाई फार सुबक व्हायला लागली आहे. आई पेपर उलटसुलट करून म्हणाली, “अरे, हे काय लिहिलंय?” मी म्हटलं, आंबा वाचायला आणलेला नाही, खायला आणलाय. तिने मुकाट्याने आंबे पिळले, सौ.ने कणीक मळली, पुऱ्या लाटल्या आणि तळल्या. रसात साखर लागेल की नाही, हे दोन वाट्या चाखून मी ठरवलं. लागली.

खरी मोहीम मात्र सौ.च्या माहेरची, गुहागर तालुक्यातली. स्वारगेटला गाडी लागली. कंडक्टर यंत्रावर बोटं चालवत म्हणाले, “आजी शून्य, ताई अर्धं, बेबी अर्धं, बाळ अर्धं...” आणि माझ्याकडे मान वर करून, “साहेब, तुम्ही?” या ‘तुम्ही’त राज्य परिवहन महामंडळाची सगळी आशा एकवटली होती. मी ताठ बसून म्हटलं, पूर्ण.

पूर्ण पैसे मोजणाऱ्याने खिडकी घ्यावी, हा साधा हिशेब आहे. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि चिरंजीवांचा चेहरा उतरायला लागला. उलटी काही अर्धी होत नाही. सौ.ने आपल्या जागेवरून वाकून पिशवी धरली, पाठ चोळली, तोंड पुसलं, आवळासुपारी दिली, मागच्या बाईंची क्षमा मागितली आणि पिशवीला गाठ मारून माझ्याकडे पाहिलं. खिडकी माझ्याकडे होती. मी ती आणखी थोडी उघडली. मदत म्हणतात ती हीच.

सासुरवाडीला पोचल्यावर वाटलं होतं, आता हापूसच हापूस. पण कोकणातला हापूस कोकणात दिसतो तो फक्त झाडावर. सासऱ्यांच्या कलमांचा एक नंबरचा माल पेट्यांत भरून वाशीला जातो. घरच्यांच्या वाट्याला रायवळ, नाहीतर डाग पडलेला. “जावईबापूंना चांगलं बघून काढ गो,” असं सासरे म्हणाले आणि सासूबाईंनी डाग कापून दिला. फणसाचंही तसंच. फोडायच्या आधी थोपटून तो कापा की बरका हे मी सांगतो. मी कापा म्हटलं, तो बरका निघाला. पुढचं काय ते यांत्रिक काम: हाताला खोबरेल चोळणं, विळीलाही लावणं, चीक पुसत पाव काढणं, गरे सोलणं, आठळ्या धुऊन बाजूला ठेवणं. सासूबाई आणि सौ. दुपारभर ते करत बसल्या. मायलेकींना गप्पांना तेवढंच निमित्त, म्हणून मी मध्ये पडलो नाही. अंगणात आंब्याची साठं वाळत होती, तिथे कावळे राखू का, असं मी आपणहून विचारलं, तर तिघींनी एका सुरात “नको!” म्हटलं.

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर गेलो. मुलं धावली. त्यांच्यामागून सौ. गेली. साडी घोट्यावर धरून आत शिरली, लाट गुडघ्यावर आली तशी किंचाळली आणि मग साडी सोडूनच दिली. कन्येने तिला ओढलं, तिने चिरंजीवांना ओढलं, तिघंही पाण्यात बसकण मारून खिदळत होती. “अहो, या ना!” अशी हाक आली. पण चपला कोणी सांभाळायच्या? आईच्या धरून चार जोड, तीन मोबाइल, एक चश्मा. मोठा माणूस बरोबर नसता तर त्या दिवशी या घराचं काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

येताना वाटेत एक लग्न उरकलं. लग्नसराईत मे महिन्यातल्या रविवारी कुठे ना कुठे अक्षता टाकाव्याच लागतात. आहेराची रक्कम सौ.ने ठरवली, पाकीट आणलं, वर नाव लिहिलं. ते वराच्या हातात प्रत्यक्ष मी दिलं. फोटोत तेवढंच आहे.

आता जूनच्या मध्याला शाळा सुरू होतील, चिरंजीवांचं तिकीट लवकरच पूर्ण होईल आणि घरात मला एक भागीदार मिळेल. पण तोवर न्याय का लांबवायचा? म्हणून मी परिवहन खात्याकडे अर्ज करायचं ठरवलं आहे. ‘कर्ता पुरुष सन्मान योजना’ असं नावही सुचवलं आहे. सुट्टीच्या काळात कुटुंबासह प्रवास करणाऱ्या गृहस्थास भाड्यात निम्मी सवलत, शक्य झाल्यास खिडकी राखीव.

मसुदा सौ.ला दाखवला. पापडाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता तिने तो वाचला. म्हणाली, “झकास झालाय. फक्त महिलांना सवलत महिला म्हणून, आईंना वयामुळे. तुम्हाला कशाबद्दल, ते लिहायचं राहिलं.”

प्रश्न बिनतोड होता, पण उत्तर तयार होतं. मी लिहिलं: ‘अर्जदार सुट्टीतील सर्व कार्यक्रमांस पूर्ण वेळ उपस्थित होता.’

“कुरडयांच्या दिवशी बाबा झोपले होते,” कन्या म्हणाली.

ते वाक्य मी खोडलेलं नाही. झोपलेला माणूस गैरहजर धरावा, असा नियम असता तर या अर्जावर शेरा मारायला त्या खात्यात तरी कोण उरलं असतं?