वैशाखातले पील

केमिकल पीलमध्ये चेहऱ्यावर ग्लायकोलिकसारखे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलतात. पुढचे काही दिवस पथ्य असते: ऊन टाळायचे, सनस्क्रीन दर 2 तासांनी, सुटलेले पापुद्रे ओढायचे नाहीत. सावळ्या त्वचेवर हे मोडले, की घालवायला गेलेले डाग दुप्पट काळे होऊन परततात. बोदवडकरांना पील आठवते ते लग्नसराईत, म्हणजे जळगाव जिल्ह्यात पारा 45 अंशांकडे धावतो तेव्हा. नवरी सोलून येते. चौथ्या दिवशी काकू-माम्या तिला खसाखसा हळद चोळतात, मग भर दुपारी मांडवाबाहेर फोटो. सनस्क्रीनची ट्यूब तोवर करवल्यांनी संपवलेली असते. त्वचारोगतज्ज्ञ हिवाळा सुचवतात. पण तेव्हा सगळे घर कपाशी वेचत असते, उन्हातच.