माझ्या नावातील भाडेकरूस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री, माझ्या नावात विनाभाडे वास्तव्य करणाऱ्या अज्ञात गृहस्थांस, मुक्काम चिखली, जिल्हा बुलढाणा येथून त्या नावाच्या मूळ मालकाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपली माझी गाठभेट नाही; तथापि माझी जन्मतारीख, वडिलांचे नाव, घराचा पत्ता आणि पॅनची दहाही अक्षरे आपणांस मुखोद्गत असल्यामुळे आपण मला परके मानीत नसाल, असे धरून चालतो. गतसालच्या अतिवृष्टीने सोयाबीन हातचे गेले, म्हणून यंदा मृगाच्या तोंडावर सातबारा, आठ-अ आणि कागदांची चळत काखेत मारून मी आयुष्यात प्रथमच पीककर्ज मागण्यास बँकेत गेलो, तेव्हा साहेबांनी आधी संगणकाच्या पडद्याकडे आणि मग माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की पस्तीस वर्षे नापास मुलांकडे आपणही असेच पाहत आलो असू, या विचाराने मी वरमलो. "गुरुजी, सिबिल खराब आहे तुमचं." बाकावरचे एक शेतकरी हळहळले, "घ्या! गुर्जीचंबी?" पीककर्जाला सिबिल मागू नका, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले आहे, हे मी नम्रपणे साहेबांच्या निदर्शनास आणले. ते त्यांस माहीत होते.

आपले उपकार मात्र मान्य केले पाहिजेत. उभ्या आयुष्यात कोणाचा छदाम उसना न घेतल्यामुळे माझा पतेतिहास कोरा होता, आणि 300 ते 900 या अंकांत माणसे मोजणाऱ्यांच्या लेखी ज्याने कधी कर्जच काढले नाही तो मनुष्य जवळजवळ जन्मलेलाच नसतो. आपण माझ्या नावे 21,999 रुपयांचा फोन हप्त्याने घेतलात, चार हप्ते थकविलेत, आणि मला एकदाचा इतिहास प्राप्त करून दिलात. फोन चांगला चालतो ना? मी स्वतः अद्याप बटणांचाच वापरतो.

माझे कागद आपल्या हाती कसे लागले, हे विचारण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. तहसिलीसमोरच्या ज्या दुकानात मी दोन रुपयांस एक याप्रमाणे स्वतःच्या प्रती काढीत आलो, तेथील संगणकाच्या पडद्यावर 'आधार नवीन', 'आधार नवीन 2' आणि 'पॅन सगळे' अशा नावांची पुडकी उघड्या शिवारासारखी पसरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. एकदा तर शेगावच्या स्टेशनाबाहेर घेतलेली कचोरी कोणा अनोळखी बाईंच्या आधारकार्डाच्या फसलेल्या प्रतीत बांधून मिळाली. तेल पाझरून बाईंचा चेहरा पारदर्शक झाला होता, आकडे मात्र बाराच्या बाराही स्वच्छ वाचता येत होते. कचोरी संपल्यावर तो कागद टाकावा कोठे, हे मला कळेना, म्हणून मी तो घडी करून घरी आणला, आणि हा लेखनप्रपंच करीत असताना तो माझ्याच दप्तरात आहे. म्हणजे पाहा, संधी मलाही होती. आधारच्या प्रती वाटेल त्यास देत जाऊ नका, असा इशारा आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या बेंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने 27 मे 2022 रोजी दिला होता. त्याचा भलताच अर्थ लावला जाईल, या सबबीवर 29 मे रोजी तो मागे घेण्यात आला. इतका अल्पायुषी शहाणपणा आमच्या मोसमी नाल्यांतही आढळत नाही.

आमच्या वऱ्हाडात सावकाराच्या खतावर निशाणी डावा अंगठा उमटविण्याची वहिवाट जुनी. त्या ठशाचा सरकारी मोठेपणा सुरू झाला तो 1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे, जेव्हा विल्यम हर्शेल नामक अंमलदाराने राज्यधर कोनाई नामक मक्तेदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला, तो अशासाठी की पुढे त्याने आपला करार नाकबूल करू नये. केलेले नाकारू नये, ही तेव्हाची विवंचना. न केलेले कबूल करावे लागू नये, ही आताची. दस्तांवरील ठशांवरून रबरी अंगठे पाडून इतरांच्या खात्यांतील पैसे उचलणारे आपले व्यवसायबंधू इतर प्रांतांत सापडले, तेव्हा मी भाच्याकडून माझा अंगठा, डोळे आणि चेहरा आधारच्या ॲपमध्ये कुलूपबंद करून घेतला, आणि काही दिवस खजिन्यावर निजलेल्या नागाच्या ऐटीत वावरलो. आपण अंगठ्याच्या वाटेला गेलाच नाहीत. पॅनची प्रत, कोणाचे तरी छायाचित्र आणि आपल्या फोनवर आलेले सहा आकडे एवढ्यावर आपला कार्यभाग उरकला.

अमेरिकेत, असे ऐकतो, आपला धंदा जरा अवघड झाला आहे. 2017 साली इक्विफॅक्स नामक पतनोंदणी कंपनीच्या दप्तरातून सुमारे 14 कोटी 70 लाख माणसांची माहिती चोरीस गेली, त्यावर मोठा गहजब झाला, आणि 21 सप्टेंबर 2018 पासून तेथील प्रत्येक माणसास आपला पतेतिहास फुकट गोठविण्याचा हक्क देशव्यापी कायद्याने मिळाला: फोन केला की एका कामकाजाच्या दिवसात कुलूप, स्वतःस कर्ज हवे असेल तेव्हा तासाभरात ते उघडणे, आणि मध्यंतरी नव्या सावकाराने दार ठोठावले तर आतून उत्तर नाही. तेथे हे कुलूप ज्या तीन कंपन्यांस लावून द्यावे लागते, त्या इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघींचीही दुकाने आपल्या देशात आहेत, इतकेच नव्हे, तर आमच्या तोंडी बसलेले सिबिल आता त्यांतल्या शेवटच्या कंपनीच्याच ताब्यात आहे. कंपन्या सातासमुद्रापार आल्या, कुलूप तेवढे बोटीवर चढावयाचे राहिले. पतमाहिती कंपन्यांविषयीच्या आमच्या 2005 च्या कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याची सोय आहे, परंतु माझ्या पतेतिहासाच्या दारास मीच कडी लावावी, असा हक्क त्यात नाही.

सरकारदरबारी काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. या तिघी धरून देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. मी तो मागितला नव्हता, हा माझा कसूर. कोणी अहवाल उघडला की संदेश पाठवावा, असे रिझर्व्ह बँकेने 2023 साली फर्माविले, आणि तो पाठविलाही गेला असेल, परंतु खात्यावर फोन क्रमांक आपला असल्यामुळे वाचला आपणच. तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढे दररोज 100 रुपये भरपाई. रोजगार हमीच्या मजुरीहून पुष्कळ कमी. 1930 या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर कळविले, ठाण्यातही गेलो. अंमलदारांनी पेन सरसावून विचारले, "कर्ज कोणाच्या नावावर?" मी माझे नाव सांगितले. "फिर्यादी कोण?" तेच सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागविला.

आज तक्रारीचा बाविसावा दिवस. सोयाबीन व्याह्यांकडून उसने आणलेल्या पैशांत पेरले. ही उधारी कोणत्याही कंपनीच्या दप्तरी नाही, परंतु घरात तिची नोंद रोज होते. आपला, म्हणजे माझा, हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेस पडतो. नोंद पुसली जाईपर्यंत एखादा भरता आला तर पाहावे, नावाची थोडी लाज आपणही राखावी, इतकीच विनंती.

ता. क. खाली सही मुद्दाम केलेली नाही. ती आपल्याकडे आहेच.