चौकटीतला पैलवान

दाराच्या चौकटीत बसवायचा पुलअप बार निवडताना पहिलं पथ्य असं, की आपलं दार आधी बघू नये. दार बघितलं की शंका येते, आणि शंका आलेला माणूस तालमीत जाऊन बसतो.

बारच्या जाती दोन. एक चौकटीवर नुसती अडकवायची. तिला टेकायला दाराच्या वर भिंतीबाहेर आलेली लाकडी पट्टी लागते. ती अमेरिकेतल्या घरांना असते. नांदेड-लातूरकडं चौकट भिंतीत गाडलेली आणि वर सपाट गिलावा. म्हणजे हा बार आपल्याकडं टांगलाच जात नाही. म्हणून पहिली शिफारस याचीच. वर चढतच नाही, तर पडेल कुठून?

दुसरी जात पिळायची. नळी फिरवली की लांबते आणि दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या चौकटीला रेटतात. बाकी सगळा भार घर्षणावर. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीत घर्षणालाही फारसा त्रास होत नाही. लटकताना मनगट वळलं की बारही वळतो. कुठल्या बाजूला वळल्यावर तो सैल होतो, हे खाली आल्यावर कळतं. म्हणून आणखी पिळावं. मग चौकट भिंतीपासून सुटते, गिलाव्याला चीर जाते. भिंतीला एवढा व्यायाम देणारं दुसरं साधन नाही. खोक्यावर छापलेलं वजन कुणाच्या चौकटीत मोजलं, हे मात्र विचारू नये. बरं दिसत नाही.

खेड्यातल्या पोरांना ही अक्कल नाही. सैन्यभरतीत 10 बीम, म्हणजे पुलअपच, मारले की 40 गुण मिळतात, एवढंच त्यांना ठाऊक. बांधावर दोन लाकडं रोवतात, वर बोअरचा उरलेला पाईप बांधतात आणि पहाटे लटकतात. वर आभाळ, त्यामुळं डोकं आपटायची सोय नाही. सात फुटी दारात ती आहे. जुन्या वाड्यात तर गणेशपट्टीला दर खेपेला कपाळ लागतं, म्हणजे देवदर्शनही उरकतं.

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, तेही मातीत लोळून. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत आजही कुस्त्यांचा फड भरतो. तिथं जिंकणाऱ्याला बार कोणता वापरता, असं कुणी विचारत नाही. मराठवाडा मागं राहिला म्हणतात तो असा.

या बारचा खरा कदरदान मात्र लातुरात नीटच्या शिकवणीसाठी खोली घेतलेला पोरगा. भिंतीला भोक पाडावं लागत नाही, ही जाहिरात त्याच्यासाठीच आहे. खोली सोडताना घरमालक डिपॉझिट हातात धरून भिंतीवर भोक शोधतो. एकही सापडत नाही. फक्त दार लागत नाही.