बावीसनी भागतंय का?

परवा पहाटे साडेपाचला फोन वाजला. अशा वेळी फोन आला की माणूस आधी मनातल्या मनात बॅग भरतो आणि मग फोन उचलतो. पलीकडून आमचे लातूरचे दाजी. आवाज दबलेला.

"मेव्हणे, येक सांगा. बिबट्याला बावीसनी भागतंय का?"

"लातुरात बिबट्या आलाय?"

"आला न्हाई ओ. पण आला तर?"

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

असा माणूस तुमच्याही नात्यात आहे, नाही म्हणू नका. पंगतीला बसताना सदऱ्याची उजवी बाजू दोन बोटं वर सरकवणारा. ‘आपण कुणाला दाखवत नसतो’ असं म्हणत म्हणत दाखवणारा. लग्नात पोरं नवरदेवापेक्षा याच्या कमरेकडं जास्त बघतात आणि ते याला पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडं त्याला लायसनवाला म्हणतात. लायसन गाडीचं असतं, दुकानाचं असतं, पण मराठवाड्यात नुसतं ‘लायसन’ म्हटलं की ते बंदुकीचंच.

आमच्या दाजींची अडचण एवढीच, की त्यांचं लायसन पॉइंट बावीसच्या पिस्तुलाचं आहे. लायसनवाल्यांतही उतरंड असते. बत्तीसचं कानपुरी रिव्हॉल्वर बाळगणारा मधल्या खुर्चीत बसतो. बारा बोरची डबल नळी वाडवडलांची असेल तर तिला वेगळा मान. नऊ एमएम पोलिसांचं आणि फौजेचं, ते आपल्याला मिळत नाही. आणि परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाल्यानं जुन्या विलायती पिस्तुलाला लाखांचा भाव. अशात दाजींना हैदराबादच्या एका दिवंगत वकिलांचं विलायती पिस्तूल स्वस्तात मिळालं. दाजींची मार्केट यार्डात आडत आहे. स्वस्त मिळालेल्या मालाकडं संशयानं बघायला त्यांनी जन्मभर शिकलेलं. इथं मात्र चकले. स्वस्तात का मिळालं ते शेजारच्या बत्तीसवाल्या आडत्यानं सांगितलं. त्यानं एक काडतूस तळहातावर घेऊन झेलून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, ह्यानं चिमणी मरंल."

त्या दिवसापासून दाजी जगातली प्रत्येक गोष्ट एकाच मापानं मोजतात. बावीसनी भागतंय, की बावीसनी भागत नाही.

चोर? भागतंय. दोन चोर? भागतंय, पण पहिला लवकर पडला पाहिजे. पिसाळलेलं कुत्रं? भागतंय. नाग? "लई बारीक हाय ओ, निशाण लागायचं न्हाई, पण लागलं तर भागतंय." करोनात त्यांनी हा प्रश्न विचारला नाही याबद्दल मी त्यांचा आदर करतो, फक्त एकदा, गावाच्या वेशीवर लावलेल्या काट्यांकडं बघत "माणसं रेटून आली तर..." एवढं म्हणून थांबले होते.

खरं सांगायचं तर प्रश्न अगदीच खुळचट नाही. बावीसची गोळी जाडीनं तुरीच्या दाण्याएवढी आणि वजनानं जेमतेम पाव तोळा. ("पाव तोळ्यात धड कानातलं हुत न्हाई," इति अक्का, म्हणजे माझी बहीण, दाजींची बायको.) पिस्तुलातून सुटली तर तिचा जोर नऊ एमएमच्या चौथाईच्या आसपास. शिवाय बावीसच्या काडतुसात पेट घेणारा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो. चाप ओढला की पिस्तुलाची सुई त्या कडेवर बसते. कडेला एखाद्या जागी मसाला पोचलाच नसेल आणि सुई नेमकी तिथंच बसली, तर नुसतं ‘टिक’ होतं. म्हणजे मारेकरी समोर आणि आपल्या हातात घड्याळ. दुसऱ्या बाजूनं, धक्का कमी, आवाज कमी, हात थरथरणाऱ्यालाही नेम धरता येतो. आणि गोळी लहान असली तरी ती गोळी आहे, लिमलेट नव्हे. तिनं माणसं मेलेली आहेत. आता बत्तीसवाले जो टेंभा मिरवतात, तेवढा त्यांचाही जोर नसतो, हे मी दाजींना एकदा पुराव्यानिशी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला दोन क्विंटल तूर पाठवली.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस म्हणजे १ ऑगस्ट २०२४. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत ब्राँझ जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कुस्तीनंतर महाराष्ट्राला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सगळा महाराष्ट्र पोराच्या संयमाचं कौतुक करत होता. दाजींनी आडतीवर पेढे वाटले ते वेगळ्याच कारणासाठी. "बावीस बोर हाय ती! ऑलिंपिकला बावीसनी भागतंय आन् ह्यांना भागंना!" हे त्यांनी बत्तीसवाल्याच्या गादीसमोर उभं राहून म्हटलं. तो बेरकी. म्हणाला, "पुठ्ठा पळत न्हाई, दाजी."

आता पळणाऱ्याची गोष्ट. दाजींच्या तुरीत रानडुकरं शिरतात. एका चांदण्या रात्री दाजी बांधावर जाऊन बसले, मला सोबत घेऊन. कळप आला. म्होरक्या डुक्कर आडतीतल्या काट्यावर दीड क्विंटलचं भरलं असतं. दाजींनी कमरेला हात घातला, थांबले, माझ्याकडं बघितलं आणि कुजबुजले, "वनखात्याची परवानगी लागती, न्हवं का?" मी म्हटलं, लागते. "मंग कायदा मोडायचा न्हाई," असं म्हणून त्यांनी शेजारचा तेलाचा डबा उचलला आणि काठीनं बडवायला सुरुवात केली. डुकरं गेली. परत येताना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डब्यानी भागलं."

एप्रिल २०२२ मध्ये आमच्या नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकाला भरदिवसा त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या. मोटारसायकलवरून आले, मारलं, गेले. शहर हादरलं. महिनाभर जो भेटेल तो मला विचारायचा, तुमच्या दाजींना लायसन कसं मिळालं? दाजी दुसऱ्याच दिवशी लातूरहून निघाले आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत माझ्या दारात. म्हणे, सराव करू. मी मोटारसायकलवाला झालो, ते दाजी झाले. मी गेटातून आत आलो आणि बोटाचं पिस्तूल रोखलं. दाजींनी जाकिटाची गुंडी काढली. सदरा वर केला. कव्हराचं बटण उघडलं. पिस्तूल बाहेर आलं. मग लक्षात आलं की गोळ्या लातूरला गोदरेजच्या कपाटात आहेत, डांबरगोळ्यांशेजारी, आणि कपाटाची किल्ली अक्काच्या कमरेला. मी तोवर तीनदा गोळ्या घालून, गाडी लावून, चहाला बसलो होतो.

खंडेनवमीची कथा थोडक्यात सांगतो, कारण अक्का वाचणार आहे. पिस्तुलाला हळद, कुंकू, अक्षता, आपट्याचं पान. कुंकू नळीत गेलं ते दिवाळीपर्यंत निघत होतं.

निवडणूक आली की लायसनवाल्याची खरी परीक्षा. आचारसंहिता लागते, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची समिती बसते आणि कुणाकुणाची हत्यारं ठाण्यात जमा करायची ते ठरवते. यादीत मुख्यतः जामिनावर सुटलेले, मारामारीत नाव आलेले, दंगलीतले. २०२४ साली मार्चच्या मध्यावर आचारसंहिता लागली आणि दाजी यादी बघून आले. नाव नाही. तसेच ठाण्यात गेले.

"माझं बी जमा करून घ्या."

हवालदार म्हणाला, "काका, तुमचं नाव न्हाई यादीत."

"का न्हाई?"

"तुमच्यापासून काई धोका न्हाई मनून."

त्या रात्री दाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अर्जानं पिस्तूल जमा केलं आणि पावतीला लॅमिनेशन केलं. ते जूनमध्ये सोडवलं, तर ऑक्टोबरात विधानसभा. परत जमा. वर्षातले चार महिने पिस्तूल सरकारच्या रखवालीत आणि कव्हर मात्र दाजींच्या कमरेला. रिकामं कव्हर घालून हिंडू नका म्हटलं तर म्हणाले, "रिकामं कुठं हाय? गोळ्या हायत की." उघडून दाखवलं. बीपीच्या होत्या.

त्या डिसेंबरात बीडमधल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर लायसनं असल्याचं पुढं आलं. हवेत बार काढणारे, पिस्तूल दाखवत रील करणारे, सगळे मग उघडे पडले. एवढ्या माणसांना कुणापासून संरक्षण हवं होतं? बहुतेकांना एकमेकांपासून, आणि ज्यांना खरंच हवं होतं त्यांच्याकडं लायसन नव्हतं. मग लायसनांची छाननी सुरू झाली तेव्हा दाजींची गोळी सकाळची एक होती ती रात्रीचीही झाली.

एवढं वाचून तुम्ही दाजींना हसला असाल. मीही हसतो. पण २०१६ सालचा एप्रिल मला हसू देत नाही. लातूर कोरडं पडलं होतं. मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलेलं, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार म्हणून सगळं शहर रुळाकडं डोळे लावून बसलेलं. पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. मी अक्काकडं होतो. त्यांच्या गल्लीत टँकर मध्यरात्रीनंतर कधीही यायचा. दाजी घागरी घेऊन रांगेत, पिस्तूल घरी, कारण जमावबंदीत हत्यार नेणं त्यांना पटत नव्हतं. टँकर आला. एका म्हातारीनं कोपरानं त्यांना बाजूला सारलं, "सरक की रं मुडद्या," आणि त्यांच्या पुढं चार घागरी भरल्या. दाजींनी तिची चौथी घागर उचलून तिच्या दारात नेऊन ठेवली.

नंतर आम्ही पायरीवर बसलो. मी चेष्टेनं विचारलं, "काय दाजी, म्हातारीला बावीसनी भागलं असतं का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "तवा बी रातच हुती."

दाजींचं मूळ गाव किल्लारीच्या शेजारचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मणामणांचा भार. दाजी ओसरीवर होते म्हणून वाचले. वय एकवीस.

"आळीत पहार येकच हुती, मेव्हणे. आवाज दोन्हीकडून यायलालता. माय ह्या खोलीत, धाकटा त्या खोलीत. आन् पहार येक."

मी काही विचारलं नाही.

"धाकटा निघाला," ते म्हणाले. मग घागरीवर झाकण नीट बसवलं.

ती पहार आज त्यांच्या लातूरच्या घरी, दाराआड उभी आहे. अक्का सांगते, लग्न होऊन आली तेव्हापासून. पिस्तुलाला कपाट आहे, कुलूप आहे, किल्ली आहे. पहार हात लांबवला की लागते अशी.

लायसनची मुदत आता पाच वर्षांची झाली आहे. अर्ज ऑनलाइन असतो, म्हणून नूतनीकरणाला दाजी माझ्याकडंच येतात. कारणाच्या ठिकाणी मी ‘स्वसंरक्षण’ लिहितो. ते चष्मा लावून वाचतात, मान हलवतात आणि सही करतात.

बिबट्याबद्दल कुणाला पक्की माहिती असेल तर कृपा करून कळवा. वेळेचा संकोच करू नका. दाजी पहाटे साडेतीनपासून जागेच असतात.