बेस्ट माइक कोणता?

गाण्याची हौस उशिरा जागी झालेल्या मंडळींत एक जात सर्रास आढळते. कराओके क्लबाची वर्गणी भरून झालेली असते, घरी रेकॉर्डिंगसाठी माइक संगणकाला जोडणारा इंटरफेसही आलेला असतो. आवाज आहे अशी समजूत नातेवाइकांनी करून दिलेली असते. राहतो तो माइक. मग हा गृहस्थ कोणातरी जाणकाराला गाठतो आणि विचारतो, "बेस्ट माइक कोणता?" औषधाच्या दुकानात जाऊन 'एक चांगली गोळी द्या' म्हणावं, तसा हा प्रश्न. "कुठे गाणार?" असं उलट विचारलं तर तो दुखावतो. आपण सल्ला मागितला, हा चौकशी करतोय! खरं तर त्याला सल्ला नको असतो, निकाल हवा असतो. म्हणजे उद्या रेकॉर्डिंग बिघडलं तर दोष निकाल देणाऱ्याचा.

एकच बेस्ट माइक असतो, याचा त्याचा पुरावाही ठरलेला असतो. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'साठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी शुअर कंपनीचा एसएम७ माइक वापरला, हे त्याला पाठ असतं, आणि ते खरंही आहे. पण त्या माइकपुढे मायकल जॅक्सन होता आणि मागे स्वीडीन, हा तपशील तो किरकोळीत काढतो. त्याच्या आज मिळणाऱ्या आवृत्तीचा, एसएम७बीचा, आवाज इतका हळू येतो की त्याला साधारण ६० डेसिबल उचलावं लागतं. स्वस्त इंटरफेस तेवढं उचलताना खरखरतो. बरं, महागडा कंडेन्सर माइक घ्यावा, तर तो संवेदनशील. लादी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत हातभर लांबून गायलं की सुराबरोबर भिंतीवरून परतलेला सूर, पंखा आणि शेजारचा कुकर हेही इमानदारीने नोंदवले जातात. उलट बहुतेक माइक तोंडाला चिकटवले की खर्ज फुगतो: बारीक आवाजाला तो भरदार करतो, मुळात घोगऱ्याला आणखी घुमवतो. खोली, अंतर, गळा आणि यंत्र बदललं की उत्तर बदलतं, आणि नेमक्या याच चार गोष्टी त्याच्या प्रश्नात नसतात.

कोणी म्हणेल, बिचाऱ्या नवख्याला हे सगळं कुठून ठाऊक असणार? पण तांत्रिक शब्द मागतंय कोण? "दहा बाय दहाच्या खोलीत वीतभर अंतरावरून गातो, रेकॉर्डिंगमध्ये 'स' कानाला चावतो" एवढं सांगायला गळा पुरतो. यावर जाणकार बहुधा माइक जरा तिरका करायला सांगेल, पैसे न घेता. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: १९६६ पासून शुअरचाच एसएम५८ जगभरच्या रंगमंचांवर टिकून आहे, मग सरळ तोच का सांगू नये? जरूर सांगावा, पण तो रंगमंचाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो मागच्या बाजूने कमी ऐकतो, म्हणून गायकासमोरचा मॉनिटर स्पीकर माइकच्या पाठीशी येतो. छोट्या हॉलमध्ये स्पीकर गायकाच्या मागे उभे केले, तर तोही शिट्टी मारणारच. आणि दोष एकट्या विचारणाऱ्याचाही नाही. उत्तर देणारे निम्मे लोक स्वतः घेतलेल्या माइकचंच नाव सांगतात, नाहीतर आपल्या खर्चाचं समर्थन व्हायचं कसं?

एवढं ऐकून तो मान डोलावतो, काही लिहूनही घेतो, आणि दुकानात जाऊन विचारतो, "याच्यावर स्टँड फ्री आहे का?" हा प्रश्न मात्र नेमका असतो. दुकानदार लगेच उत्तर देतो.