पितळी व्हॉल्व्हच्या जादूगारास

रा. रा. बिनपितळी पितळवाले यांस,
स. न. वि. वि.

आपला अर्धा इंची ‘प्युअर ब्रास’ बॉल व्हॉल्व्ह आम्ही धाराशिवात घराच्या टाकीखाली बसवला. नळाला पाणी यायच्या दिवशीच दांडा फिरवला आणि तो स्पिंडलसकट हातात आला. माणसाचं पितळ उघडं पडतं म्हणतात. साहेब, आत पितळ निघालं असतं तर गल्लीत कुंथलगिरीचे पेढे वाटले असते! पिवळ्या मुलाम्याखाली निघालं करडं जस्त. आतला गोळा लोखंडी, वरून क्रोमची चकाकी. त्याच्या गंजाने टेफ्लॉनची सीट पार खरवडलेली.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यातलं महाग तांबंच वगळायचं, ही काटकसर खवा काढून पेढे वळण्याइतकी थोर.

2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धाराशिवला उजनीचं पाणी सोलापूर जिल्ह्यातून पंपांनी बालाघाटावर चढवतात. एवढा घाट चढून आलेलं पाणी आमच्या दारात, शेवटच्या वितीवर गटारीला लावलं, हे श्रेय सर्वस्वी आपलं.

पाण्याचं एक वेळ सोसू. पण डबीवर आपण पाणी, हवा, गॅस, तेल असं एका दमात छापलंय. किती दाबाला चालेल, तो आकडा नाही. कारखान्याचा पत्ताही नाही (विनय म्हणतात तो हाच). पाणी गळलं तर फरशी भिजते. चहाच्या हॉटेलात हाच व्हॉल्व्ह कुणी गॅसच्या लाईनला लावला, तर गळती कळायला काडी ओढायची का?

वाचकहो, चुंबकावर विसंबू नका. तो पितळेला चिकटत नाही तसा जस्तालाही नाही. लोखंडी गोळा तेवढा पकडून देईल. दुकानातच आट्यांवर कानस घासायला सांगा. आत पिवळं असेल तर पितळ, करडं दिसलं तर माल परत. दुकानदार कानस लावू देत नसेल तर दुकान बदला. पक्क्या बिलावर ‘पितळ’ असं लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात तो कागद कामी येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915.

आपला,
एक भिजलेला ग्राहक